आपटा : परसबागेत रुजणारे सोने

पनवेल, प्रतिनिधी : दसऱ्याच्या आदल्या दिवशी पनवेलच्या बाजारपेठेत झेंडूच्या राशी, भाताच्या लोंब्या आणि आंब्याच्या डहाळ्यांसोबत आपट्याचे भारे उतरतात. दुसऱ्या दिवशी हीच पाने 'सोने' म्हणून घरोघरी वाटली जातात आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कचराकुंडीत जमा होतात. ज्या झाडाची ही पाने, ते झाड मात्र शहरातल्या बहुतेकांनी पाहिलेले नसते. वर्षातून एकदा ज्याची आठवण होते, ते झाड अंगणात वा सोसायटीच्या आवारात सहज लावता येते आणि झुडपाच्या आकारात राखताही येते, याची कल्पना फार थोड्यांना असते. आपट्याची ओळख, त्याची लागवड आणि निगा यांविषयी ही माहिती.

सोनेरी पानांचे पर्याय

रोपवाटिकेत गेल्यावर 'सोनेरी पानांचे झुडूप' मागितले, तर बहुधा सोनेरी दुरांटा पुढे केला जातो. रस्त्यांच्या दुभाजकांवर आणि उद्यानांच्या कडेला कापून चौकोनी केलेली पिवळी कुंपणे दिसतात, ती याच झुडपाची. त्याच्या जोडीला गोल्डन बॉटलब्रश या नावाने विकले जाणारे पिवळसर पानांचे झाडही असते. ही दोन्ही झाडे परदेशी आणि सदाहरित आहेत. थंड प्रदेशांतील बागांमध्ये सोनेरी पानांची पानझडी झुडपे लोकप्रिय आहेत. मात्र त्यांतील बहुतेकांना हिवाळ्यात दीर्घकाळ कडाक्याची थंडी लागते. कोकणच्या दमट हवेत आणि एप्रिल-मेच्या उन्हात त्यांची नाजूक पिवळी पाने करपून जातात.

महाराष्ट्राचे स्वतःचे 'सोन्याच्या पानांचे' पानझडी झाड म्हणजे आपटा. त्याची पाने रंगाने हिरवी असतात, गळण्यापूर्वी ती पिवळट पडतात. त्यांना सोनेपण आले आहे ते परंपरेमुळे. येथील पाऊस, येथील मुरूम आणि येथील उन्हाळा यांच्याशी या झाडाचे जुळलेले आहे आणि बागेच्या दृष्टीने हाच त्याचा सर्वांत मोठा गुण होय.

झाडाची ओळख

आपट्याचे शास्त्रीय नाव बौहिनिया रेसिमोसा. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यांनी १७८५ मध्ये या जातीचे वर्णन केले. 'बौहिनिया' हे कुलनाव सोळाव्या-सतराव्या शतकांतील झां आणि गास्पार बोआं या वनस्पतिशास्त्रज्ञ बंधूंच्या स्मरणार्थ ठेवण्यात आले आहे. एकाच देठावर जोडलेली पानाची दोन दले हे त्या दोन भावांचे प्रतीक मानले जाते. आपटा शिंबी कुळातील, म्हणजे शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या कुळातील आहे. संस्कृतात त्याला 'अश्मंतक' म्हणतात. 'अश्म' म्हणजे दगड आणि 'अंतक' म्हणजे नाश करणारा. आयुर्वेदाच्या ग्रंथांतही या नावाने त्याचा उल्लेख येतो.

भारतातील बहुतेक पानझडी जंगलांत, तसेच श्रीलंकेपासून आग्नेय आशियापर्यंत हे झाड आढळते. सामान्यतः तीन ते पाच मीटर उंचीचे, वेडेवाकडे वाढणारे आणि झुकलेल्या फांद्यांचे असे त्याचे रूप असते. अनुकूल जागी ते आठ-दहा मीटरपर्यंतही जाते. खोडाची साल काळपट आणि खरबरीत असते, आतली साल तांबूस असते. या आतल्या सालीच्या तंतूंपासून पूर्वी दोर वळले जात. पाने जनावरांना चारा म्हणून चालतात, तसेच काही भागांत विड्या वळण्यासाठीही वापरली जातात. मात्र विडीसाठी मुख्यतः तेंदूचेच पान वापरले जाते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आपट्याची पाने गळतात आणि काही काळ झाड जवळजवळ उघडे पडते. मार्च ते जून या काळात नवी पालवी आणि फुले येतात. फुले लहान, फिकट पिवळसर-पांढरी असून फांदीच्या टोकाकडे लांब तुऱ्यांत लागतात. पाकळ्या पाच आणि पुंकेसर दहा असतात. पावसाळ्यात शेंगा धरू लागतात आणि हिवाळ्यात त्या पक्व होतात. शेंग जाड, किंचित वाकडी, पिकल्यावर काळपट तपकिरी आणि साधारण पंधरा ते पंचवीस सेंटिमीटर लांब असते. ती सहजासहजी उकलत नाही आणि बराच काळ झाडावरच लटकत राहते.

परंपरेतील स्थान

विजयादशमीला आपट्याची पाने वाटण्यामागे वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स आणि रघुराजा यांची कथा सांगितली जाते. गुरुदक्षिणेसाठी कौत्साला चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या. विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केलेल्या रघूने त्या मिळवण्यासाठी कुबेरावर स्वारीची तयारी केली, तेव्हा कुबेराने सोन्याची वृष्टी केली. कौत्साने आपल्याला हवे तेवढेच घेतले, अशी ही कथा आहे. कालिदासाच्या 'रघुवंशा'च्या पाचव्या सर्गात ही कथा आली आहे. तेथे सोने पडते ते राजाच्या कोषागारात. ते आपट्याच्या झाडावर पडले आणि उरलेले लोकांनी लुटले, हा भाग लोककथेने जोडला. 'सोने लुटणे' हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला.

दसऱ्याच्या पूजेत मूळ मान शमीचा. पांडवांनी अज्ञातवासाला जाताना आपली शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवली होती, असे महाभारतात सांगितले आहे. सीमोल्लंघन करून गावाबाहेर जायचे, शमीचे पूजन करायचे आणि परतताना पाने आणायची, अशी रीत होती. शमी हे मुख्यतः कोरड्या प्रदेशातील झाड. जेथे ती मिळत नाही, तेथे अश्मंतकाची पूजा करण्याची प्रथा पडली. कोकणासारख्या पावसाळी भागात आपट्याला जे महत्त्व आले, त्यामागे हे साधे भौगोलिक कारण आहे. या रीतीत लोकांनी झाडापाशी जाणे अपेक्षित होते. आज झाडच फांद्यांच्या रूपाने बाजारात येते.

खरा आपटा कोणता?

बाजारात आपटा म्हणून जे विकले जाते, त्यातले बरेचसे आपट्याचे नसतेच. कांचनाच्या विविध जातींची पाने त्यात सर्रास मिसळलेली असतात. कांचन हाही बौहिनिया कुलातलाच असल्यामुळे त्याचेही पान दोन दलांचे असते आणि घाईत गल्लत होते. रोप विकत घेतानाही हीच फसगत होण्याचा संभव असतो. त्यामुळे पुढील खुणा लक्षात ठेवाव्यात.

पान : आपट्याचे पान लहान, साधारण अडीच ते सहा सेंटिमीटर रुंद आणि लांबीपेक्षा रुंदीला थोडे अधिक असते. ते जाडसर, चिवट असून खालची बाजू करडी आणि बारीक लव असलेली असते. कांचनाचे पान तळहाताएवढे मोठे आणि तुलनेने पातळ असते.

दलांची टोके : आपट्याच्या दोन्ही दलांची टोके गोलाकार असतात आणि पान वरून साधारण एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत दुभंगलेले असते.

फूल : कांचनाची फुले मोठी आणि जातीनुसार गुलाबी, जांभळी, पांढरी किंवा पिवळी अशी लक्षवेधी असतात. आपट्याचे फूल त्यापुढे अगदी लहान आणि फिकट असते.

शेंग : कांचनाची चपटी शेंग वाळल्यावर तडकून पिळवटते आणि बिया दूर फेकते. आपट्याची शेंग फुगीर असते आणि आपोआप उकलत नाही.

खोड व फांद्या : आपट्याचे खोड काळपट, खडबडीत आणि वाकडे असते, तर कोवळ्या फांद्या खाली झुकलेल्या असतात.

लहान रोपाला फूल वा शेंग नसते. शिवाय रोपावस्थेत पानांचा आकारही कमीअधिक होतो. म्हणून रोपवाटिकेतून घेताना शक्य तर मातृवृक्ष कोणता याची चौकशी करावी. वन विभागाच्या आणि सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकांतून स्थानिक जातींची रोपे तयार केली जातात. पावसाळ्यापूर्वी तेथे विचारणा केल्यास खात्रीचे रोप मिळण्याची शक्यता अधिक असते.

दसऱ्याचे खरे मोल

दसरा सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत केव्हाही येतो. झाडाच्या दृष्टीने हा काळ मोक्याचा असतो. पावसाळा संपून स्वच्छ ऊन मिळू लागलेले असते आणि पाने पूर्ण वाढलेली असतात. पुढचे चार-पाच महिने याच पानांनी तयार केलेल्या अन्नावर झाडाला शेंगा पोसायच्या असतात आणि उन्हाळ्यातील पालवीसाठी साठाही करायचा असतो. नेमक्या याच वेळी फांद्या तोडल्या गेल्या की झाडाचे दुहेरी नुकसान होते. एक म्हणजे अन्न तयार करणारी पाने जातात. दुसरे म्हणजे त्या फांद्यांवरच्या कच्च्या शेंगाही जातात. दरवर्षी हेच घडत राहिले, तर झाड जिवंत राहते, परंतु त्याला बी धरता येत नाही. म्हातारी झाडे उरतात आणि त्यांच्याखाली नवी रोपे उगवत नाहीत.

पनवेल तालुक्याच्या पूर्वेला प्रबळगड आणि माथेरानच्या डोंगररांगा, तर दक्षिणेला कर्नाळा आणि माणिकगड आहेत. कर्नाळा पक्षी अभयारण्य १९६८ मध्ये घोषित झाले आणि पुढे त्याचे क्षेत्र वाढवून सुमारे बारा चौरस किलोमीटर करण्यात आले. अभयारण्यातून कोणताही वनोपज नेण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार मनाई आहे आणि राखीव वनांतील वृक्षतोडीवर भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार निर्बंध आहेत. तरीही मागणी एकाच दिवसाची आणि प्रचंड असल्यामुळे तिचा भार शेवटी डोंगरावरच्याच झाडांवर पडतो.

या व्यवहाराची दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी. पाने आणून विकणाऱ्यांमध्ये डोंगरपायथ्याच्या वाड्यांतील ठाकूर आणि कातकरी कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. रानभाज्या, करवंदे, जांभळे यांच्याप्रमाणेच दसऱ्याचे सोने हीदेखील त्यांच्या हंगामी कमाईची एक वाट आहे. 'आपटा घेऊच नका' एवढे सांगून प्रश्न सुटत नाही. ग्राहकांनी फांदीऐवजी मोजकी सुटी पाने मागितली आणि पावसाळ्यात त्याच विक्रेत्यांकडून बियांची वा रोपांची खरेदी केली, तर झाड आणि विक्रेता दोघांचेही हित साधते. ज्यांना जागा आहे त्यांनी घरीच झाड लावावे, हा त्यापुढचा मार्ग.

पनवेलची माती आणि पाऊस

रायगड जिल्ह्यात पावसाचे प्रमाण भरपूर असून त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. पुढे आठ महिने जवळपास कोरडे जातात आणि एप्रिल-मेमध्ये पाण्याची टंचाई भासते. चार महिने अतिवृष्टी आणि आठ महिने कोरड, असे हे टोकाचे हवामान परदेशी शोभेच्या झुडपांना मानवत नाही. आपटा मात्र त्यासाठीच घडलेला आहे. एकदा मूळ धरले की उन्हाळ्यात पान गाळून तो पाण्याची गरज स्वतःच कमी करतो.

जमिनीच्या बाबतीत तो चोखंदळ नाही. मुरमाड, खडकाळ, हलकी अशी कोणतीही जमीन त्याला चालते. त्याला सोसत नाही ते साचलेले पाणी. पनवेल, नवीन पनवेल, कामोठे, कळंबोली परिसरात हीच खरी अडचण आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने वसवलेल्या या वसाहतींचा काही भाग खाडीलगतच्या सखल आणि खाजणाच्या जमिनीवर भराव टाकून उभा राहिला आहे. भरावाच्या मातीत बांधकामाचा राडारोडा असतो, ती दाबली जाऊन घट्ट होते आणि पावसाचे पाणी मुरत नाही. अशा ठिकाणी खड्डा खणून रोप लावल्यास तो खड्डा पावसाळाभर पाण्याने भरून राहतो आणि मुळे कुजतात. तेथे जमिनीच्या पातळीपासून दीड-दोन फूट उंचीचा मातीचा ओटा करून त्यावर रोप लावावे. खारघरच्या टेकड्यांलगतच्या किंवा नेरे, वाजे, गाढेश्वर या बाजूच्या निचऱ्याच्या जमिनीत मात्र अशा ओट्याची सहसा गरज भासत नाही.

बियांपासून रोप

आपट्याची अभिवृद्धी बियांपासून करणे सर्वांत सोपे. जानेवारी ते मार्च या काळात झाडावरच्या पूर्ण वाळलेल्या, काळपट शेंगा काढाव्यात. शेंग आपोआप फुटत नसल्याने ती उन्हात वाळवून काठीने ठोकून बिया मोकळ्या कराव्यात. एका शेंगेत साधारण बारा ते वीस बिया असतात. त्यांतील अनेक बियांना सोंडकिड्यासारख्या किडीने छिद्रे पाडलेली असतात. अशा बिया आणि पाण्यात टाकल्यावर तरंगणाऱ्या पोकळ बिया टाकून द्याव्यात. चांगल्या बिया कोरड्या डब्यात, थोडी राख मिसळून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत ठेवता येतात.

बियांचे कवच कठीण असते. पेरणीपूर्वी पाणी उकळून ते चुलीवरून उतरवावे, थोडे निवू द्यावे आणि त्यात बिया टाकून त्याच पाण्यात चोवीस तास ठेवाव्यात. फुगलेल्या बिया पेरणीस योग्य समजाव्यात. ज्या फुगल्या नाहीत त्यांच्यावर हीच क्रिया पुन्हा करता येते.

माती, रेती आणि चांगले कुजलेले शेणखत समप्रमाणात मिसळून पिशव्या भराव्यात. पिशवीच्या तळाशी पाणी निघण्यासाठी छिद्रे असावीत. प्रत्येक पिशवीत दोन बिया एक सेंटिमीटर खोल पेराव्यात. मेच्या शेवटच्या आठवड्यात पेरणी केल्यास उबदार हवेत एक ते तीन आठवड्यांत अंकुर दिसू लागतात. दोन्ही बिया रुजल्यास जोमदार रोप ठेवून दुसरे मातीलगत कापावे. उपटू नये, कारण त्यामुळे शेजारच्या रोपाची मुळे दुखावतात. मुसळधार पावसाच्या थेट माऱ्यापासून पिशव्यांना आडोसा द्यावा.

आपट्याचे सोटमूळ लवकर खोल जाते. रोप पिशवीत दोन-तीन वर्षे राहिले तर मूळ तळाशी गुंडाळले जाते आणि पुढे झाडाची वाढ खुंटते. म्हणून रोप फूट-दीड फुटाचे झाले की पहिल्या किंवा दुसऱ्या पावसाळ्यातच कायम जागी हलवावे.

लागवड आणि पहिली दोन वर्षे

जागा निवडताना दिवसाचे किमान पाच-सहा तास थेट ऊन मिळेल, हे पाहावे. सावलीत झाड जगते, पण ते उंच, विरळ आणि किडकिडीत होते. इमारतीच्या भिंतीपासून आणि सांडपाण्याच्या वाहिनीपासून अडीच-तीन मीटर अंतर राखावे. विजेच्या तारांखाली मोठी झाडे लावून पुढे ती विद्रूप छाटावी लागतात. आपटा मुळात बेताच्या उंचीचा असल्याने लहान आवारासाठी तो सोयीचा ठरतो. जून २०२० मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळात जिल्ह्यात असंख्य झाडे कोसळली. घरालगत कोणते आणि किती उंचीचे झाड लावावे, हा विचार तेव्हापासून अधिक गंभीरपणे करावा लागत आहे.

मे महिन्यात दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून तो उन्हात तापू द्यावा. खणलेल्या मातीत एक-दोन घमेली शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे. पहिल्या एक-दोन पावसांनंतर, माती पुरेशी ओली झाल्यावर, पिशवी अलगद फाडून रोप मातीच्या गोळ्यासह लावावे. रोपाची मूळ पातळी कायम ठेवावी, खोड मातीत गाडू नये. लागवड जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत आटोपल्यास रोपाला मूळ धरण्यास अडीच-तीन महिने मिळतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यातील वनमहोत्सवाचा मुहूर्त त्या दृष्टीने नेमका आहे.

पावसाळा संपल्यावर पहिल्या वर्षी आठवड्यातून दोनदा आणि दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा पाणी पुरेसे होते. बुंध्याभोवती वाळलेल्या पानांचे चार बोटे जाड आच्छादन केल्यास पाणी आणखी वाचते. आच्छादन खोडाला टेकू देऊ नये. तिसऱ्या वर्षापासून जमिनीतील झाडाला सहसा वेगळे पाणी द्यावे लागत नाही. उन्हाळ्यात झाड निष्पर्ण झाल्यावर ते मेले असे समजून उपटून टाकण्याची किंवा घाबरून पाण्याचा मारा करण्याची चूक अनेकदा होते. सालीवर नखाने हलके खरवडून पाहावे. आत ओलसर रंग दिसला तर झाड जिवंत आहे.

शेंगा धरणारी झाडे जमिनीत नत्र साठवतात, असा सर्वसाधारण समज आहे. तूर, शेवरी यांच्या बाबतीत तो खरा आहे, परंतु बौहिनिया कुलातील झाडांच्या मुळांवर नत्र साठवणाऱ्या गाठी येत नाहीत. त्यामुळे आपट्याला वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या सुरुवातीला, कंपोस्ट किंवा शेणखत द्यावे. रासायनिक खताची आवश्यकता नाही. अति नत्राने लांबट, कमकुवत फांद्या वाढतात.

झुडूप की झाड?

आपट्याला कसा आकार द्यायचा, हे सर्वस्वी लावणाऱ्याच्या हाती असते. बुंध्यापासून कापला तरी त्याला पुन्हा धुमारे फुटतात. हा गुण झुडूप करण्यासाठी उपयोगी पडतो.

झुडूप हवे असल्यास रोप दोन-अडीच फुटांचे झाल्यावर शेंडा खुडावा. बाजूच्या फांद्या फूट-दीड फूट वाढल्या की त्यांचेही शेंडे खुडावेत. असे दोन-तीन वेळा केल्यावर पाच-सहा फुटांचे भरगच्च झुडूप तयार होते. कुंपण करायचे असेल तर दोन रोपांत दोन ते तीन फुटांचे अंतर ठेवावे. झाड हवे असल्यास एक सरळ खोड निवडून त्याला पहिली दोन-तीन वर्षे बांबूचा आधार द्यावा आणि छातीच्या उंचीपर्यंतच्या बाजूच्या फांद्या हळूहळू काढाव्यात. अशी स्वतंत्र झाडे परस्परांपासून चार-पाच मीटरवर लावावीत.

मोठी छाटणी शेंगा पिकून गेल्यावर, पानगळीच्या सुमारास, म्हणजे फेब्रुवारीत करावी. त्यानंतर येणाऱ्या जोमदार नव्या फुटीमुळे झाड भरून येते. फुलांचे तुरे नव्या फुटीच्या टोकाशी येत असल्याने पालवी आल्यानंतर शेंडे कापत राहिल्यास फुले मिळत नाहीत. कायम कातरलेल्या कुंपणाला म्हणूनच फुले आणि शेंगा कमी येतात. भर पावसात छाटणी टाळावी, कारण ओल्या जखमांतून बुरशी शिरते.

दसऱ्यासाठी पाने घेताना फांदी मोडू नये. झाडाच्या वेगवेगळ्या भागांतून, देठासह, एकेक पान खुडावे. एका फांदीवरील चौथ्या हिश्शापेक्षा अधिक पाने काढू नयेत. लावल्यापासून पहिली तीन वर्षे झाडाला हात लावू नये. वाढलेल्या एका झुडपावर एका कुटुंबाला पुरतील एवढी पाने निश्चितच असतात.

कुंडीतला आपटा

सदनिकेत राहणाऱ्यांनाही आपटा लावता येतो. त्यासाठी किमान दीड फूट व्यासाची आणि तितक्याच खोलीची कुंडी किंवा अर्धा कापलेला पिंप घ्यावा. तळाशी मोठी छिद्रे पाडून त्यावर विटांचे तुकडे ठेवावेत. दोन भाग माती, एक भाग रेती आणि एक भाग शेणखत असे मिश्रण भरावे. कुंडी ऊन मिळणाऱ्या गच्चीत किंवा दक्षिण-पश्चिमेच्या सज्जात ठेवावी. जमिनीतल्या झाडाप्रमाणे कुंडीतल्या झाडाला खोलवरचे पाणी मिळत नाही. त्यामुळे पावसाळा वगळता वरची माती सुकली की पाणी द्यावे. निष्पर्ण अवस्थेत पाणी कमी करावे. दर दोन-तीन वर्षांनी, नवी पालवी फुटण्याच्या आधी, रोप बाहेर काढून गुंडाळलेली मुळे हलकी छाटावीत आणि माती बदलावी. कुंडीत झाड तीन-चार फुटांवर राखता येते. फुलांची अपेक्षा मात्र कमी ठेवावी.

कीड आणि रोग

आपट्याला कीडरोगांचा उपद्रव फारसा होत नाही. पावसाळ्यात काही अळ्या पाने कुरतडतात. त्यांपैकी अनेक अळ्या पुढे फुलपाखरे वा पतंग होतात आणि पक्ष्यांचेही ते खाद्य असते. थोडी पाने खाल्ली गेली तर फवारणी करू नये. कुंडीतील रोपांवर क्वचित पिठ्या ढेकूण दिसतो. पाण्याच्या जोरदार धारेने तो धुवून काढावा, आवश्यकता वाटल्यास निंबोळी अर्क फवारावा. दमट हवेत पानांवर तपकिरी ठिपके पडल्यास ती पाने काढून टाकावीत आणि आतल्या दाट फांद्या विरळ करून हवा खेळती ठेवावी. पावसाळ्यातच सगळी पाने पिवळी पडून गळू लागली, तर तो रोग नसून बहुधा मुळाशी पाणी साचल्याची खूण असते. अशा वेळी प्रथम चर काढून पाणी वाहून जाऊ द्यावे.

वर्षभराचे वेळापत्रक

जानेवारी-फेब्रुवारी : पक्व शेंगा गोळा करणे, बिया काढणे. फेब्रुवारीत वार्षिक छाटणी.

मार्च-एप्रिल : पानगळ आणि नवी पालवी. जमिनीतील जुन्या झाडाला पाणी देण्याची गरज नाही, नव्या रोपांना मात्र नियमित पाणी.

मे : खड्डे खणणे, पिशव्या भरणे, अखेरीस पेरणी. झाडावर फुलांचे तुरे.

जून-जुलै : लागवड, खत, नांग्या भरणे. पाणी साचत नाही ना, याची पाहणी.

ऑगस्ट-सप्टेंबर : तण काढणे, रोपांना आधार देणे, शेंडे खुडणे.

ऑक्टोबर : दसऱ्यासाठी मोजकी पाने. पावसाळा संपताच आच्छादन.

नोव्हेंबर-डिसेंबर : शेंगा पक्व होऊ लागतात. नव्या रोपांना ठरावीक अंतराने पाणी.

परवानगीविषयी

पनवेल नगरपालिका १८५२ मध्ये स्थापन झाली आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिचे महापालिकेत रूपांतर झाले. शहरी भागातील झाडांना महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ लागू आहे. झाड स्वतःच्या आवारातले असले, तरी ते तोडण्यासाठी या कायद्याखाली पूर्वपरवानगी लागते. कायद्यातील 'तोडणे' या शब्दात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा पोहोचवणेही समाविष्ट आहे. त्यामुळे सोसायटीच्या आवारात लागवड करण्यापूर्वीच जागेचा नीट विचार करावा, पुढे पार्किंगसाठी ते झाड काढण्याची वेळ येऊ नये. वाढलेल्या झाडाची मोठी छाटणी करायची असल्यास महापालिकेच्या उद्यान विभागाकडे आधी विचारणा करणे श्रेयस्कर. रस्त्याकडेच्या किंवा सार्वजनिक उद्यानातील आपट्याच्या फांद्या दसऱ्याला परस्पर तोडणेही या कायद्यात बसत नाही.

आपटा वाढीला मंद आहे. आज पेरलेल्या बीपासून भरगच्च झुडूप होण्यास काही वर्षे जावी लागतात आणि शेंगांसाठी त्याहून अधिक काळ धीर धरावा लागतो. परंतु एकदा झाड शेंगांवर आले की शेजाऱ्यांना देण्यासाठी दरवर्षी शेकडो बिया मिळतात. दसऱ्याच्या दिवशी चार सुकलेली पाने हातात देण्यापेक्षा पावसाळ्यात एक रोप देणे हे त्या सणाच्या मूळ अर्थाला अधिक धरून होईल. कथेतल्या कौत्साने गरजेपुरते घेऊन उरलेले सोडून दिले होते. डोंगरावरच्या आपट्यांच्या बाबतीतही तेवढेच अपेक्षित आहे.